थरथरणारं नाणं

"हललं! हललं!" अख्खा हॉल ओरडला आणि माझ्या हातातली कॉफी माझ्याच पँटवर सांडली.

कार्सन सिटीतल्या आमच्या नाणेसंग्राहक मंडळाची बैठक होती. पाहुणे होते ब्रदर एझकिएल, आत्म्यांशी बोलणारे बुवा. बेकरीवाल्या ओपलआजीने किंमत काढायला आणलेलं जुनं, वीस डॉलरचं सोन्याचं नाणं त्यांनी रुमालात गुंडाळलं, मंत्र पुटपुटले आणि परत मखमलीवर ठेवलं. आता त्यांचा हात जवळ आला की नाणं टुणकन उडायचं.

"यात खाणीत गाडल्या गेलेल्या मजुराचा आत्मा आहे!" बुवा गरजले. "घरी ने, माउली. वर्षभर कुणाला दाखवू नकोस, नाहीतर घराचं वाटोळं!"

आजीचा चेहरा पडला. तिच्या बेकरीची भट्टी मोडली होती. नाणं विकून नवी घ्यायची, नाहीतर बेकरीला टाळं.

"अहो, पण किंमत तरी सांगा!"

"शापित मालाला कोण गिऱ्हाईक?"

आणि आमची शहाणी मंडळी! खिशात भिंगं, पण एकानेही नाणं उचलून पाहिलं नाही. दुसऱ्याच्या नाण्याला उघडा हात लावायचा नाही, घामाने किंमत उतरते, हे आमचं सोवळं. जन्मभर विज्ञान शिकवलेला मीसुद्धा हात मागे बांधून उभा!

आजीला कसलं आलंय सोवळं? तिने पिठाच्या हाताने नाणं उचललं. "अगं बाई, हे हलकं कसं लागतंय? बघा हो मास्तर!" असं म्हणत तिने ते माझ्या छातीशी धरलं. टक्! नाणं माझ्या नावाच्या बिल्ल्याला चिकटलं.

"आत्मा मास्तरांना लागला!" कुणीतरी किंचाळलं.

"आत्मा कसला, डोंबल!" माझी ट्यूब एकदाची पेटली. "बिल्ल्यामागे लोहचुंबक आहे. सोनं चुंबकाला कधी चिकटतं का? हे लोखंड आहे, वरून मुलामा! बुवा, तुमची जाडजूड अंगठी आणा बघू इकडे."

बुवा हात लपवायला लागले. मी तो ओढला, तर अंगठीही बिल्ल्याला खाडकन चिकटली. तिच्यातही चुंबकच!

"माझं नाणं कुठाय रे?" आजीने बुवाची कॉलर धरली.

"ते... स्वर्गात गेलं."

"मग स्वर्ग तुझ्या बाहीत आहे वाटतं!" तिने बाही झटकली. खरं नाणं ठणकन खाली पडलं. आमची मंडळी लगेच "कड चेपली का, कड?" करत ओणवी झाली. बुवाकडे कुणाचं लक्षच नव्हतं, पण आजीने कॉलर सोडली नाही.

आता नवी भट्टी धडधडतेय. बाबांनो, चमत्काराला नमस्कार करायचा तर करा, पण आधी तो हातात घेऊन बघा. हात पिठाचे असले तरी चालतात.