एका नजरेत मावेल तेवढं

आप्पांचा पाय स्टुलाला धडकला आणि स्टुलावरचा पाण्याचा जग कलंडला. माधुरीने आधी कॉम्प्युटरच्या वायरी वर उचलल्या आणि मग वडिलांकडे पाहिलं.

"कुणी ठिवलं हे मधी?" जालिंदरआप्पा म्हणाले.

स्टूल मध्ये नव्हतं. दाराच्या डाव्या हाताला, आल्यागेल्याला दिसेल असं ते कायमच असायचं. माधुरीने फरशी पुसली. हल्ली हे रोजचंच झालं होतं. घरी चौकटीला खांदा, अंगणात बादलीला पाय. आणि गेल्या आठवड्यात भिंगारमध्ये ते चालवत असलेल्या एसटीने एका सायकलवाल्याला घासलं; बिचारा थोडक्यात वाचला. "एकदम कुठनं उगवला काय म्हाईत," एवढंच आप्पा म्हणाले. डोळे तपासा म्हटलं की रस्त्यापलीकडची बारीक पाटी घडाघडा वाचून दाखवायचे. अशा माणसाशी वाद तरी काय घालणार? आजही चारची पारनेर गाडी त्यांच्याकडेच होती. डेपोत जाता जाता ते लेकीच्या ऑफिसात तिचं काम बघायला डोकावले होते.

तिने त्यांना पडद्यासमोर बसवलं. देवळाली प्रवराच्या एका बागायतदाराच्या अजून न बांधलेल्या बंगल्याचा हॉल तिने कॉम्प्युटरवर उभा केला होता. सोफा, झुंबर, दोन्ही बाजूंच्या खिडक्या, कोपऱ्यातला देव्हारा, सगळं एकाच चित्रात.

"लई मोठा केलाय. शाळा भरवायचीय का?"

माधुरी हसली. "खोली तेवढीच आहे, आप्पा. कॅमेऱ्याचा कोन वाढवला की जास्त मावतं. साहेब म्हणतात, गिऱ्हाईक खूश होतं."

"पर खोटंच की हे. दारात उभं ऱ्हायल्यावर एवढं दिसतंय व्हय कुणाला?"

"मग तुम्हीच सांगा. दारातून समोर बघितलं की जेवढं दिसतं, तेवढं उरलं की मला थांबवा."

तिने कोन नव्वद अंशांवरून खाली आणायला सुरुवात केली. कडेच्या खिडक्या चित्राबाहेर गेल्या, सोफा पुढे सरकला. पंचेचाळीसला ती आपणहून थांबली.

"अजून," आप्पा म्हणाले.

"आप्पा, एवढं तर दिसतंच."

"आण अजून."

देव्हारा गेला. झुंबर गेलं. आप्पा चेष्टा करताहेत असं वाटून तिने वळून पाहिलं. चेष्टेचं नाव नव्हतं. कपाळाला आठ्या घालून, लेकीला मदत करायची म्हणून ते अगदी मन लावून बघत होते. तिने कोन आणखी उतरवला. आता पडद्यावर सोफ्यावरची एक उशी आणि मागच्या भिंतीचा तुकडा उरला.

"हां. आता खरं झालं," आप्पा समाधानाने म्हणाले. "मानसाला एवढंच दिसतं. बाकीचं मान फिरवून बघायचं."

रात्रीची ड्युटी त्यांनी दोन वर्षांपूर्वीच बदलून घेतली होती; झोप होत नाही म्हणाले होते, पण अंधारात दिसेनासं झालं असणार. तिने हळूच हात उचलला, त्यांच्या गालाच्या जरा पुढे, वीतभर बाजूला धरला आणि बोटं हलवली. आप्पा उशीकडेच बघत राहिले.

"आप्पा, मान न हलवता सांगा. माझा हात दिसतो?"

"कुठला हात?"

मग त्यांनी मान वळवली. हात तिथंच, डोळ्यासमोर होता. त्यांनी पुन्हा समोर पाहिलं, पुन्हा हाताकडे. तिने हात खाली घेतला.

"ते पयलं चित्र लाव," ते म्हणाले.

तिने कोन परत नव्वदवर नेला. आप्पा या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत सावकाश मान फिरवत गेले, आणि तसेच परत आले.

"दारात उभी ऱ्हायलीस की एवढं समदं तुला एकदम दिसतं?"

"हो, आप्पा."

"मान न हलवता?"

"न हलवता."

खाकी शर्टाच्या खिशावरचा बिल्ला ते अंगठ्याने पुसत बसले. सव्वातीन झाले होते. मग त्यांनी टेबलावरचा फोन चाचपला आणि तिच्यापुढे सरकवला.

"डेपोला लाव. म्हनावं, चारच्या गाडीला दुसरा डायवर बघा."

ती नंबर फिरवू लागली. आप्पा पडद्याकडेच बघत होते.

"आन त्यास्नी इचार," ते म्हणाले, "त्या सायकलवाल्याचा पत्ता हाय का."