पुष्पाचा नेम

जामसरच्या माळावरचं आमचं चॅपल पत्र्याचं. बिशपांशी भांडून बाहेर पडलेले फादर बावतीस महिन्यातून एकदा वसईहून येतात आणि जुन्या पद्धतीने, लॅटिनमध्ये, मिस्सा म्हणतात. बाकीच्या चर्चांनी सगळं सैल केलं, आम्ही नाही केलं, याचा आमच्या मोजक्या घरांना भारी ताठा. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, जिभेवर घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा जुना नेम. ज्या मुलखात पोट भरण्याचीच मारामार, तिथे आम्ही उपासाचा तोरा मिरवतो.

माझी सून पुष्पा सातव्या महिन्यात होती. अंगात रक्त नाही, असं नर्सबाई दर खेपेला बजावून जायची. बाळंतपणात बरंवाईट झालं तर ख्रिस्तशरीर न घेताच जाऊ, अशी धास्ती पोरीने घेतली होती. म्हणून तिने नेम धरला.

त्या रविवारी फादरांची गाडी घाटात बंद पडली. ऊन डोक्यावर आलं, पत्रा तापला. पुष्पाचे ओठ पांढरे पडले तसा मी तांब्या पुढे केला.

"पी गं. देव काय तुझं पानी मोजत बसलाय?"

"नको आये. येवढं केलं, आता कशाला मोडू?"

चॅपलची चावी सांभाळणारा जैतू म्हणाला, "येतीलच आता फादर. थोडक्यासाठी नको."

त्याला काय जातंय सांगायला? त्याच्या पोटात दुसरा जीव नव्हता.

फादर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. पुष्पा गुडघे टेकून बसली, जीभ पुढे केली, ख्रिस्तशरीर घेतलं आणि तिथेच कोसळली. जव्हारला नेताना गाडीतच ती गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

मातीच्या वेळी फादर रडत होते. "पोटुशीला हा नेम नाही, बाई. ती जेवून आली असती तरी मी दिलं असतं."

"हे कधी सांगितलंत? लॅटिनमध्ये सांगितलं असेल," मी म्हटलं. माझा राग काही केल्या जात नव्हता.

पुढच्या मिस्सेला गेले तर भिंतीवर पुष्पाचा फोटो, खाली मेणबत्ती. नेम धरून गेलेली, म्हणून जैतू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. समोरच त्याची सून वर्षाली बसलेली, तिलाही पाचवा महिना. तोंड सुकलेलं.

मी घरून नागलीची पेज नेली होती. वाडगा तिच्यापुढे ठेवला. "खा. फादरांनीच सांगितलंय, पोटुशीला चालतं."

तिने पेजेकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"माझ्याच्यानं नाय होणार, काकू. पुष्पीनं मोडला नाय."

मी उठले आणि सगळ्यांदेखत पुष्पाचा फोटो काढून पदराखाली घेतला.

वर्षालीने तरी पेजेला हात लावला नाही.