कातड्याची गादी

१९७४ सालचा फाल्गुन. होळी चार दिवसांवर आली होती आणि पलूसच्या शिवारात ऊसतोड अजून चालूच होती. भर दुपारी वस्तीवरची माणसं सावलीला आडवी झालेली बघून आक्काताई हंबीररावांच्या ट्रकमध्ये चढली. दार वाजू नये म्हणून तिनं ते दोन्ही हातांनी हळूच ओढून घेतलं. मग गुडघ्यांवर बसून बादलीतला फडका पिळला आणि मालकांची गादी पुसायला घेतली.

बादलीत तिनं मूठभर धुण्याचा सोडा टाकला होता. पहिल्याच हाताला काळं पाणी निघालं, तसा तिला हुरूप आला. गोधडी असो की घोंगडं, मळ निघाला म्हणजे काम झालं, एवढंच तिला ठाऊक. गादी चिंब होईपर्यंत तिनं घासली. काचेतून येणाऱ्या उन्हात ती वाळू दिली आणि पदराआड आणलेलं वाटीभर करडीचं तेल तिच्यावर चोळलं. गादी काळपट चमकायला लागली. आक्काताई खाली उतरली तेव्हा मनातून तिला बरं वाटत होतं. आता तिच्या ड्रायव्हर नवऱ्याला त्या गादीला हात लावावा लागणार नव्हता.

गादी हंबीररावांनी हौसेनं करून घेतली होती. त्याआधीच्या एका उन्हाळ्यात रेक्झिनच्या गादीनं त्यांना असं भाजलं, की कारखान्याच्या दारात त्यांनी चालत्या ट्रकमधून उडीच टाकली आणि ती गोष्ट गावभर झाली. दुष्काळात जनावरं पटापटा मेली होती, कातडं मातीमोल झालं होतं. सांगलीच्या एका कारागिराकडून त्यांनी खऱ्या कातड्याची लांबलचक तांबूस गादी बनवून आणली. वर्षभर ऊन, धूळ, घाम खाऊन ती निबर व्हायला लागली, तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं.

“ही गादी माझ्या जावयापेक्षा जास्त लाड मागती रं, धोंडिराम,” ते हसत म्हणाले. “हिला म्हैन्याला चरबी चोळाय लागती म्हणं. तूच चोळ. तुमच्या हातात असतंयच ते.”

धोंडिराम सात वर्षं पलटणीत गाडी चालवून आलेला माणूस. मालकांपुढं तो नेहमी टाचा जुळवून उभा राही. त्या दिवशीही तसाच उभा राहिला.

“मालक, गाडी धुतो, इंजान बघतो, टायर काढतो. ह्ये न्हाई व्हायचं माझ्याच्यानं.”

“न व्हायला काय झालं? बसल्या बसल्याचं काम.”

हंबीरराव मनाचे वाईट नव्हते. वस्तीवरची खोली त्यांनीच दिली होती, धोंडिरामच्या मुलीला, अंजनाला, शाळेत घालायला ते स्वतः हेडमास्तरांकडे गेले होते. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. पंधरा दिवस झाले तरी गादी तशीच, हे बघून मात्र त्यांचा आवाज बदलला. येत्या रविवारी चार भाऊबंद घेऊन शिराळ्याला धाकट्या मुलीचं लग्न जमवायला जायचं होतं. तोवर गादी नीट झाली नाही तर दुसरा ड्रायव्हर बघतो, असं त्यांनी सांगून टाकलं.

धोंडिरामनं घरी येऊन भाकरी खाल्ली आणि हात धुता धुता म्हणाला, “सोमवारी सामान बांधू.”

“कुठं जायाचं?” आक्काताईनं विचारलं.

तो हात धूतच राहिला.

कुठं जायचं, हा प्रश्न त्यांना एकदा पडून गेला होता. त्यांचं गाव वडूजकडचं. तिथं मेलेलं जनावर ओढायचं, सोलायचं, कातडं कमवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वाट्याचं होतं. धोंडिरामच्या आईनं, बाळाबाईनं, तीस वर्षं ते केलं. छप्पन साली सगळ्या वस्तीनं धर्म बदलला आणि ते काम सोडलं. त्या दिवशी बाळाबाईनं सोलायची सुरी विहिरीत टाकली. पुढच्या वर्षी सून घरात आली, तेव्हा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “माझ्या सुनंला कातडं कसं असतं, ठावं न्हाई.” दुसऱ्या सासवा सुनेच्या भाकरीचं कौतुक करत, ही या ठाऊक नसण्याचं करायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावात जनावरं मरून पडली आणि पाटलाचा माणूस वस्तीवर आला. वस्ती नाही म्हणाली. दोन दिवसांत विहिरीवरची वाट बंद झाली, दुकानदार मीठ देईना. चौथ्या दिवशी धोंडिरामच म्हणाला होता, “आये, एकडाव वडू. पाण्यासाठी.” बाळाबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. “आज वडलंस की उद्या परत बोलावत्याल,” ती म्हणाली. “गाव सोडू.” आणि त्यांनी गाव सोडलं. अंजना तेव्हा दहा वर्षांची होती. कपाळावर दप्तर अडकवून ती सगळ्यांच्या पुढं चालत होती.

शुक्रवारी सकाळी धोंडिराम ट्रकमध्ये चढला, तेव्हा गादी त्याच्याखाली वाळक्या पाचटासारखी करकरली. सोड्याचे पांढरे ओघळ वर आले होते. तेल आत मुरलंच नव्हतं, वर चिकट बसलं होतं आणि त्यावर रात्रीची धूळ. एका कोपऱ्यात बोटभर भेग पडली होती. त्यानं मान वळवून दारात उभ्या असलेल्या आक्काताईकडं बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग तो ट्रक चालू करून निघून गेला.

संध्याकाळी ती चुलीपुढं बसली होती. भाकरी थापायला तिनं परात ओढली, तशी कोपऱ्यातून बाळाबाई उठली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. चुलीचा उजेड तेवढा तिला दिसे. ती चाचपडत जवळ आली, सुनेचा हात धरला आणि नाकाशी नेला.

“काय लावलंस त्याला?”

आक्काताईनं दुसऱ्या हातानं परात मागं सारली. “करडीचं.”

“आन् आधी?”

“सोडा.”

बाळाबाईनं हात सोडला नाही. “सोड्यानं मरतंय त्ये,” ती हळू म्हणाली. “नुस्त्या वल्या फडक्यानं पुसायचं. सावलीत वाळवायचं, उनात न्हाई. मग चरबी कोमट करायची, कढवायची न्हाई. आन् तळहातानं चोळायची. फडक्यानं न्हाई. हाताची ऊब लागती त्याला.”

सतरा वर्षांत सासूचा हा आवाज आक्काताईनं ऐकला नव्हता. सुईणीचा असावा तसा, कशालाच न बिचकणारा. बाळाबाईला स्वतःलाही तो ऐकू आला असावा. तिनं एकदम हात सोडला आणि ओठ मिटले. रोज तिन्हीसांजेला बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावायचं काम तिचं होतं. त्या दिवशी ती लावायला तिला बराच वेळ लागला.

शनिवारी ट्रकची फेरी नव्हती. धोंडिराम एक टायर काढून पंक्चर जोडायला पलूसला गेला. अंजना शाळेत. आक्काताई मालकांच्या मळ्यात वैरण कापत होती. ऊन चढल्यावर भारा घेऊन ती आली, तर खोलीला कडी. शेजारची हरणाबाई दारात तांदूळ निवडत होती.

“म्हातारी सकाळीच काठी घिऊन निघाली,” ती म्हणाली. “खाटकाकडं चालली हुती बग. गुडघ्याला लावाय चरबी पायजे म्हणली. मी म्हणलं, आवं, तुमचं गुडघं आमच्यापरीस दणकट हायती. तर हसली बी न्हाई.”

आक्काताईनं भारा तिथंच टाकला.

ट्रक लिंबाखाली उभा होता, एका बाजूनं जॅकवर कललेला. दोन्ही दारं उघडी. आत बाळाबाई गुडघ्यांवर बसली होती, लुगड्याचा काचा मारलेला, बाह्या वर सारलेल्या. मालकिणीनं जुन्या वहाणा, कातड्याच्या जुन्या पिशव्या दिल्या तर ज्या बाईनं त्या उंबऱ्याबाहेर ठेवल्या, तीच बाई. गादीवरचे पांढरे ओघळ गेले होते. शेजारी जर्मलच्या वाटीत चरबी होती. म्हातारी ती दोन बोटांनी उचलायची, तळहातावर चोळायची आणि मग हात गादीवर फिरायचा. शिवणीशी हळू, मधे जोर देऊन, कडेला अंगठ्यानं दाबत. डोळे भलतीकडंच होते, खिडकीबाहेर. हातांना त्यांची गरज नव्हती. एवढ्या वर्षांत भाकरी करतानासुद्धा आक्काताईनं ते हात इतके सरावलेले बघितले नव्हते.

“आत्याबाई, खाली या.”

हात थांबले नाहीत. “वास येतुया व्हय लांबनं?”

“न्हाई. खाली या तुमी. मी करते. सांगा तसं करते.”

“तू हात लावू नगंस.”

“तुमीच म्हणला हुता नव्हं का, आज वडलं की उद्या परत बोलावत्याल.”

आता हात थांबले. बाळाबाईनं मान वळवली, पण सुनेच्या तोंडाकडं नाही, आवाज आला त्या बाजूला. “म्हणलं हुतं,” ती म्हणाली. “तवा गाव सोडाय पाय हुतं माजं. आता अंजी सातवीत हाय.”

लिंबाची वाळली पानं ट्रकच्या टपावर पडत होती. आक्काताई पायरीला धरून उभी राहिली. चढायलाही होईना, जायलाही होईना.

“तुझ्या हाताला ठावं न्हाई, त्ये तसंच ऱ्हाऊ दे,” म्हातारी म्हणाली. “तेवढंच केलंय मी जन्मात. जा, पानी तापव. आन् त्याला सांगू नगंस.”

ते सांगायची गरजच पडली नाही. धोंडिराम टायर घेऊन आला, त्यानं तो बसवला आणि हात पुसायला फडका घ्यावा म्हणून दार उघडलं. आक्काताई खोलीच्या खिडकीतून बघत होती. तो दार धरून उभा राहिला. गादी तुपावाणी मऊ दिसत होती, तांबूस, जिवंत. कोपऱ्यातली भेग तेवढी उरली होती. त्यानं वास घेतला. लहानपणी त्याच्या घराला तोच वास होता, आईच्या कुशीलाही. त्यानं दार लावलं आणि बांधाबांधानं ओढ्याकडं चालत गेला. तो आला तेव्हा जेवणं उरकली होती. आईच्या अंथरुणाजवळ तो थोडा वेळ बसला. ती जागी आहे हे त्याला कळत होतं, तो बसला आहे हे तिला. तेवढंच.

मेणबत्ती त्या संध्याकाळी आक्काताईनं लावली. “तू लाव,” बाळाबाई म्हणाली होती, आणि हात पदराखाली घेतले होते.

रविवारी सकाळी हंबीरराव फेटा बांधून आले. बरोबर त्यांचे चुलते सयाजीराव आणि आणखी तिघं. ते तिघं मागं हौद्यात चढले. हंबीररावांनी केबिनमध्ये चुलत्यांशेजारी बसून गादीवर थाप मारली, मग बोटानं दाबून बघितलं.

“बघा काका,” ते म्हणाले. “म्हणलं नव्हतं? रगतातच असतंय त्ये. शिकवाय लागत न्हाई. शाब्बास रं, धोंडिराम.”

“जी मालक,” धोंडिराम म्हणाला.

मग तो खोलीकडं आला. दारामागं पेंडीचं रिकामं पोतं होतं, ते त्यानं झटकलं. ट्रकशी जाऊन चार पदरी घडी केली, गादीच्या आपल्या बाजूला नीट अंथरलं आणि त्याच्यावर बसला.

“आरं, एवढी झ्याक गादी, आन् पोतं कशाला?”

“घाम येतो मालक. गादी खराब हुईल.”

हंबीररावांना ते पटलं. ट्रक लिंबाखालून वळला आणि धुरळा उडवत रस्त्याला लागला. बाळाबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती, आवाज गेला त्या दिशेला तोंड करून.

“बसला का त्यो?” तिनं विचारलं. “गादीवर?”

“बसला,” आक्काताई म्हणाली.

त्यानंतर दर महिन्याला बाळाबाईनं गादीला चरबी चोळली, सात वेळा. त्याच साली दसऱ्याच्या आसपास ती झोपेतच गेली. शेवटपर्यंत तिनं पुन्हा मेणबत्ती लावली नाही. आईला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी धोंडिरामनं ट्रकची किल्ली मालकांच्या सोप्यात नेऊन ठेवली. ही माणसं सांगलीला आली. धोंडिराम हळदीच्या पेठेत हमाल झाला आणि पुन्हा कधी स्टेअरिंगवर बसला नाही. अठ्ठ्याण्णव साली तो खोकून खोकून गेला. हंबीररावांच्या धाकट्या मुलीचं लग्न शिराळ्याला जमलं. ट्रक त्यांनी पुढं पाच वर्षांनी विकला. चांगला ड्रायव्हर होता, काय डोक्यात घेतलं कुणास ठाऊक, असं ते भेटेल त्याला सांगत, आणि त्यांना ते खरोखरच ठाऊक नव्हतं. अंजनाचं एक वर्ष वाया गेलं, पण ती शिकली. मिरजेला नर्स झाली, मोठी सिस्टर होऊन निवृत्त झाली. आक्काताई आता तिच्याकडेच असते.

मागच्या उन्हाळ्यात अंजना कपाट आवरत होती. मुलानं पहिल्या पगारातून घेतलेली कातड्याची पर्स निघाली, कडक झालेली, कडांना भेगा पडलेली. तिनं ती आईच्या मांडीवर ठेवली.

“आई, ह्याला काय लावतात गं? खोबरेल लावून बघू?”

आक्काताईनं पर्सवरून तळहात फिरवला, शिवणीशी हळू, कडेला अंगठ्यानं दाबत. मग ती बाजूला ठेवली.

“मला न्हाई बाई ठावं,” ती म्हणाली, आणि हात पदराला पुसला.