स्वच्छ ठिपके

धाकटीने स्पिरिटचा बोळा जिवाणू वाढवलेल्या काचेच्या प्लेटच्या पाठीवर फिरवला आणि मार्करने लिहिलेलं थोरल्याचं नाव पुसून टाकलं. प्लेट टेपने बंद केली, पिशवीत घातली आणि ती हॉस्पिटलकडे निघाली.

सरांचे विद्यार्थी त्यांच्याकडे आले त्या क्रमाने ओळखले जात. थोरला पहिला. तो भांडून गेला, त्याने स्वतःची प्रयोगशाळा थाटली आणि सरांनी त्याचं नाव टाकलं. धाकटी शेवटची, सर निवृत्त झाल्यावर सगळा कारभार तिच्या गळ्यात पडला.

आता सरांच्या पायाची जखम चिघळली होती. तिच्यातले जिवाणू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. जिवाणूंना मारणारा विषाणू हा शेवटचा उपाय. नाहीतर सर्जन पाय गुडघ्याखालून कापणार होते. सरांची अट एकच होती: विषाणू आपलाच हवा.

आपला म्हणजे सरांनी शोधलेला. तो जिवाणूत शिरला की आरएनएचा एक इवलासा तुकडा तयार करवून घेतो. तो तुकडा जिवाणूच्या स्वतःच्या हुकमांची तोंडं बंद करतो. मग जिवाणू आपली कामं सोडून विषाणूच्याच प्रती काढत बसतो, फुटेपर्यंत. सरांचं सगळं नाव त्या तुकड्यावर उभं होतं. सरांच्या पत्नी, काकू, त्याला सवत म्हणत.

पण सरांच्या जखमेतला जिवाणू तो तुकडा तयार होताच कुरतडून टाकत होता. हुकूम चालत नाही म्हटल्यावर विषाणू मारायचं सोडून आतच झोपी जाई. प्लेटवरच्या जिवाणूंच्या थरात विषाणू जिथे मारतो तिथे स्वच्छ ठिपका पडतो; पण एरवीही थोडे विषाणू झोपतातच, त्यामुळे सरांच्या विषाणूच्या प्रत्येक ठिपक्यात मधोमध पुसट साय असे. इथे ती दाट होती. म्हणजे जिवाणू जिवंत. धाकटीने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी थोरल्याकडे त्याचा विषाणू मागितला. त्याने त्याच दिवशी पाठवला. सरांना कळू देऊ नकोस, एवढंच म्हणाला. त्याचे ठिपके आरपार स्वच्छ निघाले.

डॉक्टरांना तिने सगळं सांगितलं होतं. विषाणू कुणाचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पेशंटचा होकार तेवढा हवा होता.

“आलीस बाई,” काकू म्हणाल्या. “सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलेत. माझ्यासाठी कधी बसले नाहीत.”

धाकटीने फोनवरचा प्लेटचा फोटो पुढे केला. सरांनी तो हातानेच बाजूला सारला.

“प्लेट दे.”

त्यांनी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली. चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. एकेका ठिपक्याच्या मधोमध त्यांची नजर थांबत होती. धाकटी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिली.

“छान आलंय,” ते म्हणाले. मग प्लेट तिच्या हाती देत, “इतकं स्वच्छ माझ्याकडे कधी आलं नव्हतं.”

धाकटीने प्लेट परत पिशवीत ठेवली.

“आपलाच ना?” काकूंनी विचारलं. “नाहीतर परत तुमचं सुरू व्हायचं.”

“आपलाच,” सर म्हणाले, आणि पायावरचं पांघरूण त्यांनी स्वतःच बाजूला केलं.