पाठमोरी शिकवणी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी ते वर्गालाही कळलं. फळ्यावर लिहिता लिहिता मी एक वाक्य तीनदा म्हटलं. आठांपैकी सात जणांनी ते माझ्यामागून म्हटलं, आणि शेवटच्या बाकावरचा गुणाजी नुसता बघत बसला. मी गर्रकन वळले आणि हातातला खडू त्याच्या अंगावर भिरकावला.

"बहिरा आहेस का रे?"

गुणाजी चाळिशीचा, मी सव्वीसची. वर्ग हसला. तोही हसला. त्याने खडू उचलला, माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि परत जागेवर जाऊन बसला. चाळिशीच्या माणसाला आपण अरेतुरे केलं, हे मला घरी गेल्यावर जेवताना आठवलं. पण तेव्हाही राग स्वतःचा आला नाही, त्याचाच आला.

ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्नच्या डिसेंबरातली. गिरगावातल्या एका शाळेची खोली आम्हाला पाचनंतर मिळाली होती. माझा चुलतभाऊ मनमोहनदादा फोर्टात यंत्रांच्या एका पेढीत अधिकारी होता. लालबागच्या एका गिरणीचे जुने साचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं, या पेढीने कोलंबियातल्या एका नव्या गिरणीला विकून दिले होते. ते तिथे लावायला आणि तिथल्या लोकांना चालवायला शिकवायला दोन वर्षांसाठी माणसं जाणार होती. जागा पाच, उमेदवार आठ. फेब्रुवारीच्या आरंभी तिथला इंजिनियर येऊन तोंडी परीक्षा घेणार, आणि तीही स्पॅनिशमध्ये. मुंबईत स्पॅनिश शिकवणारं माणूस आणायचं कुठून? मी शाळेत एका स्पॅनिश ननकडून ही भाषा आठ वर्षं शिकले होते, तेव्हा दादाला मास्तरीण घरातच सापडली.

ननने मला शिकवलं तसंच मी यांना शिकवत होते. फळ्याकडे तोंड करून लिहायचं, मोठ्याने म्हणायचं, मागून सगळ्यांनी घोकायचं; पाय दुखले की खुर्चीवर बसून तेच तोंडी. रमाकांतला ते फार मानवलं. तो पेढीतलाच कारकून, मॅट्रिक झालेला. त्याची वही बघून माझं मन भरून यायचं. दत्ताराम त्या लालबागच्या गिरणीत फिटर होता, त्याला इंग्रजी अक्षरं जुळवताना घाम फुटायचा. आणि गुणाजी तिथलाच साचेवाला, सहीपुरतं लिहिणारा. विकले गेलेले साचे त्याचेच होते, पंधरा वर्षं तो त्यांच्यापुढे उभा राहिला होता. मार्चात साचे निघाले की गिरणी काही माणसांना घरी बसवणार होती, आणि त्यांच्यात गुणाजीचं नाव होतं. "माजे साचे जातले थय मी जातंय," एवढंच तो म्हणे.

त्याचं मला गूढ वाटे. एखाद्या दिवशी तो असा अचूक बोले की रमाकांतने कान पकडावेत. दुसऱ्या दिवशी ठार कोरा. मी ठरवून टाकलं की माणूस लहरी आहे, मनात असलं तर शिकतो. दादाला मी तसं सांगितलंही. दादा म्हणाला, "मग उर्मिला, त्याचं नाव आत्ताच खोडू या का?" मी म्हटलं, आठवडाभर थांब.

त्या आठवड्यात मी गिरणीत गेले. परीक्षेत साच्याच्या भागांविषयी विचारणार होते आणि मी जन्मात धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी ती लाकडी नळीसुद्धा, पाहिला नव्हता. दादाने परवानगी काढून दिली. साचेखात्याचं दार उघडलं आणि तो आवाज अंगावर आला. शेकडो साचे एकदम चालत होते. शेजारी उभा असलेला दादा काहीतरी ओरडत होता, मला त्याचा हलणारा जबडा तेवढा दिसत होता. चार साचे पलीकडे गुणाजी उभा होता. तिथून त्याने लांबवर दत्तारामकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले. दत्तारामने ओठ हलवूनच उत्तर दिलं. दोघं हसले, दत्ताराम पान्हा घेऊन आला आणि नेमका जो नट ढिला होता तोच आवळायला लागला. दोघांच्या तोंडून आवाज असा निघालाच नव्हता. साचेखात्यात सगळेच असे बोलत होते.

मी तिथेच भिंतीला टेकले. ज्या दिवशी मी खुर्चीवर बसून, वर्गाकडे तोंड करून शिकवलं, त्या दिवशी गुणाजीला सगळं आलं होतं. ज्या दिवशी फळ्याकडे वळले, त्या दिवशी काही नाही. पंधरा वर्षांत साच्यांनी त्याचे कान खाऊन टाकले होते. आणि मी त्याला भर वर्गात विचारलं होतं, बहिरा आहेस का. मला इतकी शरम वाटली की दादाला काही न सांगता मी ट्राम पकडून घरी आले.

दादाला सांगणं शक्यच नव्हतं. पेढीला धडधाकट माणसं हवी होती. बहिरा माणूस म्हटल्यावर त्याने गुणाजीचं नाव त्याच क्षणी खोडलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी फळा सोडला. रमाकांतसारख्या तिघांना पुस्तक दिलं आणि खिडकीपाशी बसवलं. दत्ताराम आणि दोन फिटरांपुढे गिरणीतून आणलेला धोटा, बॉबिन, तुटक्या सुताची गुंडी असा पसारा मांडला. वस्तू हातात घ्यायची, नाव म्हणायचं, शेजाऱ्याला द्यायची. गुणाजीला आणि दुसऱ्या एका साचेवाल्याला माझ्यासमोर बसवलं आणि त्यांच्याशी आवाज न काढता बोलायला लागले. रमाकांतने तक्रार केली. "बाई, एका वर्गात तीन शाळा चालल्यात. आमचा वेळ फुकट जातोय." दादाही एकदा दारातून डोकावला आणि कपाळाला आठ्या घालून गेला. पण तीन आठवड्यांत गुणाजी धोट्यापासून धाग्यापर्यंत सगळं सांगायला लागला.

मग जानेवारीच्या मध्यावर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे जाहीर झालं आणि शहर पेटलं. गिरगावात, लालबागला गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. शिकवणी बंद. आमच्या गल्लीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा गोळी लागून दवाखान्यात होता आणि मी घरात बसून स्पॅनिशची चिंता करत होते, याची मला लाज वाटे. पण परीक्षेची तारीख काही पुढे गेली नाही.

पुन्हा वर्ग भरला तो परीक्षेच्या दोनच दिवस आधी. मला वाटलं, गुणाजीची पाटी कोरी झाली असणार. मी ओठांनी विचारत गेले आणि तो उत्तरं देत गेला, एकही चुकलं नाही.

"केव्हा केलंत हे?" मी विचारलं.

उत्तर दत्तारामने दिलं. "आमच्या चाळी समोरासमोर, बाई. खाली पोलीस बंदूक घेऊन. दाराखिडकीत कोणी दिसलं, तोंड उघडलं की 'अंदर जाओ, नहीं तो गोली मारूंगा'. आम्ही दोघं खिडकीच्या फटीला बसून रोज दुपारी तुमचा धडा म्हणायचो. पोलीस मध्ये उभा, त्याला पत्ताच नाय."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. निघताना गुणाजी थांबला. "बाई, माका ऐकू येणा नाय, ह्या त्येंच्या भाषेत कसा म्हणतत?"

"नो ओइगो," मी म्हटलं. "पण हे वाक्य तिथे चुकूनही तोंडातून काढू नका. सगळं घालवून बसाल."

त्याने मान डोलावली.

परीक्षा पेढीच्या मोठ्या खोलीत होती. इंजिनियर आत आला आणि मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. साठीचा माणूस, आणि मिशा अशा की वरचा ओठ पूर्ण झाकलेला, खालचाही अर्धा. त्यात तोंडात चिरूट. रमाकांत फडाफडा बोलला, दत्ताराम अडखळत पण नीट. मी इंजिनियरच्या खुर्चीशेजारी उभी होते आणि पोरीसारखी देवाचा धावा करत होते.

गुणाजी समोर बसला. इंजिनियरने काही विचारलं. गुणाजी त्या मिशांकडे बघत राहिला. इंजिनियरने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. धागा सारखा तुटत असेल तर आधी काय बघाल, असा सोपा प्रश्न होता. खोलीत पंखा फिरत होता. दादाने हातातल्या यादीवर पेन्सिल टेकवली.

माझ्याने राहवेना. मी इंजिनियरच्या मागे अर्धं पाऊल सरकले आणि तो प्रश्न ओठांनी, आवाज न काढता, गुणाजीला सांगितला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, मला दिसलं. त्याने हळूच नकारार्थी मान हलवली आणि माझ्यावरची नजर काढून घेतली.

"नो ओइगो, सेन्योर," तो इंजिनियरला म्हणाला. मग स्वतःच्या कानांवर दोन्ही हात ठेवले, साचा चालतो तशी मूठ पुढेमागे केली आणि बोटांनी पंधरा दाखवले.

दादाची पेन्सिल यादीत गुणाजीच्या नावावर सरकली. संपलं, असं मला वाटलं. या माणसाला मी स्वतः ते वाक्य शिकवलं होतं, मीच ते बोलू नका म्हणून बजावलं होतं, आणि आता मीच रडकुंडीला आले होते.

इंजिनियरने चिरूट काढून रक्षापात्रात ठेवली, दोन बोटांनी मिशा वर धरल्या आणि पुढे झुकून ओठ हलवले. आवाज नाही. गुणाजीने ओठांनीच उत्तर दिलं. मग त्याने विचारलं, मग याने. इंजिनियर मध्येच हसला, टेबलावर हात आपटला, पुन्हा मिशा वर धरल्या. इंजिनियर होण्याआधी तो कुठल्यातरी साचेखात्यातच उभा राहिला असणार. पाच मिनिटं हे चाललं होतं. दादाला काही कळलं नाही, रमाकांतला नाही. आठ वर्षं स्पॅनिश शिकलेल्या मला तर मधूनमधून एखादाच शब्द लागत होता.

शेवटी इंजिनियरने यादी मागवून घेतली आणि गुणाजीच्या नावापुढे स्वतःच्या हाताने खूण केली.

बाहेर जिन्यावर मी गुणाजीवरच उखडले. "मी सांगत होते ना प्रश्न! मान का हलवलीत? सगळं घालवलं असतंत!"

"थय दोन वर्सां तुमी त्येंच्या खुर्चीमागे उभ्या ऱ्हवणार होता काय, बाई?"

खडू मारल्याबद्दल माफी मागायची राहिलीच होती. ती मागताना त्याच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना, म्हणून मी जिन्याच्या खिडकीकडे वळले आणि जे मनात होतं ते सगळं भडाभडा बोलले. बोलून झाल्यावरही मागून काही उत्तर आलं नाही.

मग त्याने माझ्या खांद्याजवळच्या भिंतीवर हलकेच टिचकी मारली.

"बाई," गुणाजी म्हणाला, "हंय बगून बोला."