आलेखातून वगळलेली ताई

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं ते अगदी नेहमीचं. मधुमेह कधीपासून आहे? ताईने सांगितलं, कळून दोन वर्षं झाली. बाईंनी यंत्रातून पुन्हा एकदा डोळ्यात पाहिलं आणि म्हणाल्या, "कळला दोन वर्षांपूर्वी असेल. डोळ्यांचे पडदे मात्र किमान दहा-बारा वर्षांचं सांगतायत. तेव्हाच कुणी तपासलं असतं तर बरं झालं असतं."

शेजारच्या स्टुलावर ताईचे धाकटे भाऊ बसले होते. घरात त्यांना सगळे प्रोफेसरच म्हणत, अगदी ताईसुद्धा, आणि त्यात थोडी थट्टा असेच. बाईंचं बोलणं ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण दहा-बारा वर्षांपूर्वी ताईला कुणीतरी तपासलं होतं. त्यांनीच.

माणूस झोपेत असताना यकृत रक्तात साखर कशी सोडतं, या एका प्रश्नापायी प्रोफेसरांनी उभी हयात घालवली. आधी उंदीर झाले, मग माणसांची पाळी आली. आजारी माणसं दवाखान्यात हवी तितकी मिळतात. पंचाईत होते ती निरोगी माणसांची. धडधाकट असताना सुया टोचून घ्यायला कोण येणार? मग या धंद्यातले सगळे करतात तेच त्यांनी केलं. जवळचीच माणसं गोळा केली: विद्यार्थी, रक्त काढणाऱ्या नर्सबाईंचा नवरा, आणि ताई. सकाळी उपाशीपोटी यायचं, आधी रक्त द्यायचं, मग पेलाभर ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा हात पुढे करायचा.

बाकीच्यांचे ठिपके आलेखावर शहाण्यासारखे वर चढले आणि खाली उतरले. ताईचा मात्र पहिलाच ठिपका उंचावर होता, आणि पुढचे तर खाली यायचं नावच घेईनात. प्रोफेसरांनी यंत्र तपासलं, रसायन बदललं, नर्सबाईंवर उगाच डाफरले. सगळ्यांवर संशय घेऊन झाला. 'निरोगी' ही चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटवली होती, तिच्यावर संशय घ्यायचं तेवढं या विद्वान गृहस्थांना सुचलं नाही.

ताई पहिल्यापासून गोडखाऊ, घरभर त्यावरून चेष्टा चालायची. तेव्हा दोषी आयताच सापडला. तिने निघताना बिस्कीट तोंडात टाकलंच असणार, असं ते चारचौघांत म्हणाले. ती नाही म्हणाली. त्यांनी फिरून विचारलं, वकिलासारखं उलटसुलट विचारलं. शेवटी ती हसून हो म्हणाली आणि तिचे ठिपके कायमचे पुसले गेले. उरलेल्यांची रेघ इतकी देखणी आली, की ती पाठ्यपुस्तकांत गेली. तिच्या जोरावर प्रोफेसर पुढे कितीतरी सभागृहांत बोलले.

ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. भावाचा हा लेखही तिनेच वाचला. 'उपाशीपोटी न आल्यामुळे एका व्यक्तीस वगळले आहे' या वाक्यात एक मात्रा राहिली होती, तीही तिने घालून दिली.

आता उजव्या डोळ्याने तिला उजेडापलीकडे काही दिसत नव्हतं. डाव्यावर लेसरचे उपचार करून पट्टी बांधली होती. त्या डोळ्याने फार तर ठळक मथळे वाचता येतील, असं बाईंनी प्रोफेसरांना बाजूला घेऊन सांगितलं. प्रोफेसरांनी ताईला टॅक्सीने घरी आणलं, खुर्चीत बसवलं, बिनसाखरेचा चहा केला. ते ठिपके आजाराचेच होते हे आज सांगून टाकायचं, असं वाटेतच ठरलं होतं. पण चहा कपात ओतून झाला तरी जन्मभर बोलण्यावर पोट भरलेल्या या माणसाला पहिलं वाक्य काही जुळेना. 

तेवढ्यात ताईच म्हणाली, "एक सांगू का? रागावणार नसशील तर."

"सांग की."

"तुझ्या त्या प्रयोगाच्या दिवशी मी बिस्कीट खाल्लं नव्हतं रे. तू अडून बसला होतास, सगळे आपल्या तोंडाकडे बघत होते, म्हणून हो म्हणून टाकलं. डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. माझ्या त्या खोटेपणामुळे तुझं संशोधन तर चुकलं नाही ना?"

प्रोफेसर तिच्या पट्टी बांधलेल्या डोळ्याकडे पाहत राहिले. ती रेघ निरोगी माणसांची होती आणि ताई निरोगी नव्हती. तिला काढलं म्हणूनच रेघ बरोबर आली होती.

"नाही ताई," ते म्हणाले. "संशोधन अगदी बरोबर आहे."

"मग झालं तर," ताई म्हणाली. तिला खरोखरच हायसं वाटलेलं दिसलं. त्यांनी चहाचा कप तिच्याजवळ सरकवला, आणि ती तो हाताने चाचपडू लागली.