स्लो धरत नाही

स्टीलच्या ताटात चौदा वस्तू होत्या: एक फ्लोट, त्याची पिन, त्याची सुई, दोन जेट, एक स्लाइड, तिची सुई, हवेचा स्क्रू, त्याची स्प्रिंग, खालची वाटी आणि वाटीचे चार स्क्रू. मिस्त्रींनी लहान जेट उचलून खिडकीकडे धरला. केसाएवढ्या भोकातून उजेडाचा गोल ठिपका दिसला. पंधरा दिवसांत हा कार्बोरेटर तिसऱ्यांदा उघडला होता आणि तिन्ही वेळा लख्ख निघाला होता.

"मग?" नर्सबाईंनी विचारलं. मोटरसायकल त्यांची होती.

"मग काय, बाई. इथे आली की शहाण्यासारखी वागते."

"आणि सकाळी साडेपाचला माझा जीव खाते. चोक ओढला की सुरू, चोक काढला की बंद. स्लो धरतच नाही. काल वॉर्डात बावीस मिनिटं उशीर झाला. अजून एक शेरा पडला की माझी सकाळची पाळी जाणार. मग दुपारी आईजवळ कोण बसणार?"

मिस्त्रींनी कार्बोरेटर जोडला, किक मारली आणि मान तिरकी करून ऐकू लागले. ही तिरकी मान सगळ्यांच्या ओळखीची होती. लोक त्यांना 'कानमिस्त्री' म्हणत. गिऱ्हाइकं फोन इंजिनाजवळ धरून "ऐका जरा" म्हणत आणि हे घरबसल्या सांगत, टॅपेट ढिले आहेत, चेन सैल आहे. एकाने थट्टेने स्वयंपाकघरातला मिक्सर ऐकवला, तर त्याचं बुश गेल्याचं यांनी सांगितलं. ते खरंच गेलेलं होतं.

"आवाज एकसारखा आहे," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीच्या मंद चालीचा, स्क्रू अर्धा आटा पिळला.

कोपऱ्यात ट्यूबला पंक्चर लावत बसलेल्या त्यांच्या बायकोने मान वर केली. "अहो, बाई दहा किलोमीटर चालवून आणतात. गाडीला दुखतंय थंडपणी आणि तुम्ही नाडी बघताय गरमपणी. आज राहू दे तिला इथेच."

"उद्या माझी सुट्टी आहे," नर्सबाई म्हणाल्या. "सातला येते."

दुसऱ्या दिवशी सहाला दोघांनी शटर वर केलं. इंजिन हाताला गार लागत होतं. चोक ओढून मिस्त्रींनी किक मारली. मिनिटभराने चोक काढला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बायको आकडे मोजत होती. अकरा सेकंदांत गाडी बंद पडली. पुन्हा केलं, तेव्हा नऊ. तिसऱ्यांदा चोक काढताच तिने मोजणं सोडलं.

"ऐकलंत?"

"काय?"

"शिट्टी. बारीक. किडक्या दातातून हवा ओढावी तशी."

मिस्त्री वाकले. टॅपेट ऐकू आले, धुराड्याची धडधड ऐकू आली. इंजिन बंद पडलं.

"कुठे काय? तुझेच कान वाजतायत."

दोन वर्षांपूर्वी, दारावरची बेल त्यांना ऐकू येईनाशी झाली तेव्हा तिने कान तपासून घ्या म्हटलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "मी कान तपासायला गेलो, तर उद्या दुकानात कोण येईल?"

तिने आता स्वतःच किक मारली. चोक काढला, नवऱ्याचा हात धरला आणि त्याचं बोट कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाखाली दाबलं. बोटाची कातडी आत ओढली गेली. इंजिन सावरलं. वीस सेकंद झाले, चाळीस झाले, साठ झाले. त्यांनी बोट काढलं, इंजिन गचके खाऊ लागलं. बोट ठेवलं, पुन्हा सावरलं. त्यांनी हे चारदा केलं.

"रबराला चीर आहे," ते सावकाश म्हणाले. "गारठ्यात आखडलं की उघडते. तापून मऊ झालं की मिटते." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मोठी येते का गं शिट्टी?"

"येते."

"किती मोठी?"

"रेडिओ चालू असता तरी मला ऐकू आली असती."

सातला नर्सबाई आल्या तेव्हा नवं रबर बसत आलं होतं. बायकोने घाईने बोलायला सुरुवात केली. "चीर खालच्या अंगाला होती हो, दिसणंच कठीण..."

"दिसणं कठीण होतं," मिस्त्री मध्येच म्हणाले. "ऐकू येणं सोपं होतं. हिला आलं, मला आलं नाही. दोनदा मी तुमची गाडी ठीक म्हणून पाठवली, बाई. तुमचा उशीर माझ्यामुळे झाला."

नर्सबाईंनी त्यांच्याकडे पेशंटकडे बघावं तसं पाहिलं. "मागून हाक मारली तर कळते?"

"समोरून बोललेलं कळतं."

"आमच्याकडे मंगळवारी कान तपासतात. सुरागणिक एक आकडा देतात. पंचवीसच्या आत असला तर कान शाबूत, जितका वर जाईल तितकं कमी ऐकू येतं. येताय?"

"मंगळवारी दुकान?"

"मी आहे की," बायको म्हणाली. "कान माझे आहेत, पाने तुमचे. भागेल."

मंगळवारी नर्सबाई वेळेआधी चार मिनिटं वॉर्डात पोचल्या होत्या. दुपारी त्यांनीच मिस्त्रींना काचेच्या छोट्या खोलीत नेऊन बसवलं. कानांवर हेडफोन आले. सूर ऐकू आला की हात वर करायचा होता. जाड सुरांना त्यांनी हुशार विद्यार्थ्यासारखा चटाचट हात वर केला. सूर बारीक होत गेले तसा हात उशिरा वर जाऊ लागला, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. काचेपलीकडे तपासणारी मुलगी बटण थोडं थोडं फिरवत होती, ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. म्हणजे सूर वाजत होता. त्यांनी हात गुडघ्यावरच ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

निघताना कागद मिळाला. त्यावर बारीक सुरांची ओळ शेवटची होती. चार हजार हर्ट्झ: उजवा कान सत्तर डेसिबल, डावा कान पंच्याहत्तर.